गुडघ्याची जवारी

भिंतीवरच्या डबीतला दिवा पहिल्यांदा लाल झाला, तेव्हा मी खुर्चीत बसून सुमेधाबाई हेरेकरांच्या तंबोऱ्याला शिव्या घालत होते. तंबोऱ्याचा काही दोष नव्हता, राग खुर्चीवर होता. जवारीचं काम खुर्चीत बसून करायचं म्हणजे उभ्यानं जेवल्यासारखं. पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही.

"कुंदाताई, आपल्या उजव्या गुडघ्यात असामान्य कंपन आढळलं आहे. आपण ठीक आहात ना?" डबी म्हणाली. तिला पुण्याच्या कुठल्याशा बाईचा आवाज दिला होता. सगळे शब्द इस्त्री केलेले.

"बरी हाय," मी म्हटलं आणि तार पुन्हा छेडली. दिवा लालच राहिला. पाचव्या मिनिटाला नागपुरातून वृषालीचा फोन.

"आई, काय झालं? पडलीस?"

"खुर्चीत बसलीय. खुर्चीतनं कोण पडतंय?"

"एक झाला," ती म्हणाली. हे 'एक' माझ्या चांगलंच लक्षात राहिलं.

तो एक कसला, ते सांगायला हवं. मी कुंदा मेस्त्री, वय सत्तर. मिरजेत वाद्यांच्या दुकानांची गल्ली संपते तिथं माझं घर, पुढच्या खोलीत दुकान. आप्पांना मुलगा नव्हता म्हणून त्यांची कानस माझ्या हातात आली. तंबोरा घडवणारे इथं पुष्कळ आहेत. मी घडवत नाही, मी जवारी काढते. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या ज्या घोडीवरून जातात, तिची पाठ किंचित उतरती असते. तार त्या उताराला हलकेच घासते आणि त्या घासण्यातून तो भरलेला, घुमणारा, झंकारणारा आवाज निघतो. उतार केसभर चुकला तर तार मुकी होते, नाहीतर पत्र्यासारखी वाजते. मग कानस फिरवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, ऐकायचं, परत कानस. पन्नास वर्षं मी हे जमिनीवर मांडी ठोकून केलं. त्यापायी उजवा गुडघा कामातून गेला.

ऑगस्टात, म्हणजे २०४१च्या ऑगस्टात, तो बदलला. नवा गुडघा सिमेंटनं चिकटवत नाहीत. धातूच्या दांड्याला बारीक छिद्रं असतात, त्यात हाड वाढत जातं आणि पकड घेतं. पकड पक्की व्हायला सहा महिने. ती होतेय की नाही हे कळावं म्हणून दांड्याच्या पोटात ज्वारीच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवतात. आपण पाऊल टाकलं की त्या दाबातूनच त्याला वीज मिळते आणि साठते. ते अधूनमधून आतून धातूला टिचकी मारतं आणि परत येणारा आवाज ऐकतं. कुंभाराकडे मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. हाडानं धातू घट्ट धरला असेल तर आवाज एकच, स्वच्छ. सैल असेल तर त्यात भणभण मिसळते. भणभण ऐकू आली की भिंतीवरच्या डबीचा दिवा लाल. गुडघा शंभर अंशांच्या पलीकडे वाकला की डबी ओरडते. आणि "आपण ठीक आहात ना?" याला 'नाही' असं उत्तर दिलं तरी लाल. लाल झाला की फोन नागपूरला.

वृषाली माझी एकुलती एक मुलगी, पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं माझ्याशी करार केला. "तू एकटी राहा, मी अडवणार नाही. पण तीनदा लाल झाला की दुकानाला कुलूप आणि तू कायमची माझ्याकडे." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणूस कशालाही हो म्हणतो.

घरी आल्यावर माझा जीव कुठं ठरेना. खुर्चीत बसलं की जमिनीकडे लक्ष जाई. पलंगावर पडलं की हात शिवशिवत. वॉकर घेऊन पुढच्या खोलीतून मागच्या दारापर्यंत एकेचाळीस फरश्या, तिथून परत एकेचाळीस. समोरच्या नसरीनभाभी डबा घेऊन यायच्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून माझ्या येरझारा बघायच्या.

"ताई, बसा की जरा. फरशी झिजंल."

"झिजू दे. मी तर झिजलीच हाय."

दुसरा लाल दिवा चारच दिवसांनी लागला. तोही सकाळी, तोही तंबोरा हातात असताना. वृषाली फोनवर फक्त "दोन" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिसरा कधीही लागेल. मग ही खोली, या कानशी, भिंतीवरचे भोपळे, सगळं कुलपाआड. नागपुरात चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत मी दिवसभर काय करणार? मुलगी जीव लावणारी आहे, जावई भला आहे, पण तिथं माझ्या हाताला काम नाही. मी घाबरले, हे कबूल करते.

डॉक्टर ऐनापुऱ्यांनी फोटो काढला, गुडघा दाबला, हलवला, कपाळाला आठ्या घातल्या.

"काकू, फोटोत काही नाही. पण यंत्र म्हणतंय सैल आहे. सैल झालेला सांधा लवकर कळला तर पट्टा बांधून, विश्रांती देऊन हाड वाचतं. उशीर झाला तर हाड घासून जातं. मग दुसऱ्या ऑपरेशनला धरायला जागाच उरत नाही."

"यंत्रानं काय ऐकलं, ते मला ऐकवता?"

ते चमकले. असं आजवर कुणी मागितलं नसावं. त्यांनी संगणकावर दोन-चार ठिकाणी बोट फिरवलं आणि खोलीत तो आवाज आला. गढूळ, जाड, पाण्याखालून आल्यासारखा. मी डोळे मिटले. दुसऱ्या क्षणी मला हसू फुटलं.

"डॉक्टर, हा माझा गुडघा न्हाई. हा हेरेकरबाईंचा तंबोरा हाय. काळी चार पट्टीचा. पंचमाची तार अजून नीट उघडलेली न्हाई, ऐका, हितं. मंगळवारी सकाळी लावत होते मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, वेळ तपासली. मंगळवार, सव्वाअकरा.

सगळा उलगडा झाला. जमिनीवर बसता येत नाही म्हणून मी खुर्चीत बसून भोपळा उजव्या मांडीवर टेकवत होते. तारेचा झंकार भोपळ्यातून मांडीत, मांडीतून हाडात, हाडातून त्या दाण्यात. जी भणभण मी आयुष्यभर मुद्दाम घडवली, तीच त्या यंत्राला रोग वाटली. हजारो गुडघे ऐकून ते शहाणं झालं होतं म्हणे. त्या हजारांत मांडीवर तंबोरा घेणारं कुणी नव्हतं.

कंपनीच्या माणसांना हे भलतंच आवडलं. त्यांनी मला आठवडाभर तंबोरे वाजवायला लावले. वेगवेगळ्या पट्ट्यांचे दहा तंबोरे, उजव्या मांडीवर, डाव्या मांडीवर, खुली जवारी, बंद जवारी. यंत्र ऐकत गेलं, शिकत गेलं. मग त्यांनी सोपा मार्ग काढला. तंबोरा ओळखू आला की तेवढ्या वेळापुढं 'वाद्य' असं लिहायचं आणि त्या वेळातलं बाकी सगळं सोडून द्यायचं. दिवा हिरवा झाला. दोन्ही लाल दिवे खोटे होते, हे वृषालीनंही मान्य केलं, पण मोजणीतून काढायला तयार झाली नाही.

"दोन ते दोनच," ती म्हणाली. इंजिनिअर आहे.

मी मात्र गल्लीभर सांगत सुटले की मी गुडघ्याला गाणं शिकवलं. नसरीनभाभींना तर तीनदा सांगितलं.

सप्टेंबर संपता संपता एक दिवस हातातली कानस खाली पडली. मी वाकले, वाकताना गुडघा चांगलाच दुमडला. आता डबी ओरडणार म्हणून मी खांदे आवळले. डबी गप्प. खर्जाची तार अजून घुमत होती. मी तशीच थांबले. तार विझली, तेव्हा कुठं डबी म्हणाली, "गुडघा शंभर अंशांपलीकडे वाकला आहे." मी सरळ झाले, तार पुन्हा छेडली, गुडघा पुन्हा दुमडला. डबी गप्प.

मला कळलं. तंबोरा घुमत असेपर्यंत गुडघा बहिरा होता.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते तुम्हालाही कळतं, मलाही कळत होतं. मी उलटं केलं. आधी चौरंगावर बसले. दोन दिवसांनी चौरंगावरून पाटावर. आठवड्याभरात जमिनीवर, डावी मांडी घालून, उजवा पाय अर्धा दुमडून. मग पुरता दुमडून. एका हातानं तारा छेडत राहायचं, दुसऱ्या हातानं कानस. भोपळा पोटाशी आला तशी माझी तगमग थांबली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी दीड तास एका जागी बसले.

नसरीनभाभींनी दारातून पाहिलं आणि डबा कट्ट्यावर ठेवला.

"डॉक्टरनं न्हाई म्हटलंय न्हवं?"

"डॉक्टरला जवारी येती का?"

"आन् तुमास्नी डॉक्टरकी येती?" त्या म्हणाल्या आणि डबा तिथंच कट्ट्यावर सोडून परत निघाल्या. मग अर्ध्या वाटेतून फिरल्या, डबा आत आणून ठेवला आणि गेल्या.

दिवाळीला वृषाली आली. मी चार दिवस शहाण्यासारखी खुर्चीत बसले. काठी न घेता तिला मार्केटात घेऊन गेले, जिना चढून दाखवला. डबीचे महिन्याभराचे आकडे तिनं मोबाइलवर वरखाली करून पाहिले. सगळे हिरवे.

निघायच्या दिवशी ती म्हणाली, "आई, मी हरले. मला वाटलं होतं तुला एकटीला जमणार नाही. तुझ्यासाठी ठेवलेल्या खोलीत मी आता ऑफिसचं टेबल लावते."

तिनं मला मिठी मारली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून मी डबीकडे बघत होते, आणि तो हिरवा दिवा मला एखाद्या साक्षीदारासारखा वाटला, मीच पढवलेल्या.

डिसेंबरात हेरेकरबाईंच्या जोडीतला दुसरा तंबोरा शेवटाला आला. जानेवारीत त्यांचं बेळगावात गाणं होतं. पंचम छान उघडला, जोडीच्या तारा मिळाल्या, खर्ज लावला आणि माझा कान अडकला. झंकाराच्या मागे आणखी काहीतरी होतं. बारीक, कोरडं, तारेच्या मागून येणारं. घोडी तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, नीट बसलेली नसली की असं होतं. घोडी तपासली, चोख बसली होती. दोरा बदलला. कानस फिरवली. भोपळ्याला कुठं चीर गेलीय का ते बोटानं चाचपलं. ते कोरडं काही जाईना. पूर्ण सकाळ गेली, मी उठले, फरश्या मोजत मागच्या दारापर्यंत गेले, परत आले, परत बसले. पहिल्या दोन पावलांना गुडघ्यात एक बोचरी कळ येत होती. ती आठवड्यापासून येत होती. मी तिला थंडी म्हणत होते.

मग सहज, पायाला रग लागली म्हणून, मी भोपळा डाव्या मांडीवर घेतला. तार छेडली. आवाज स्वच्छ, तुपासारखा.

उजव्या मांडीवर घेतला. ते कोरडं परत आलं.

डावीवर स्वच्छ. उजवीवर कोरडं. मी सात-आठ वेळा करून पाहिलं. मग तंबोरा बाजूला ठेवला. घोडी चोख होती. सैल बसलेलं जे काही होतं ते माझ्या पायात होतं.

वर पाहिलं. दिवा हिरवा.

"गुडघा कसा हाय?" मी डबीला विचारलं. मी आपणहून तिच्याशी बोलण्याची ती पहिलीच वेळ.

"आपला गुडघा उत्तम आहे, कुंदाताई."

"आज वाद्य किती वेळ वाजलं?"

"आज सकाळपासून चार तास वीस मिनिटं वाद्य ऐकू आलं."

"आन् काल?"

"काल सहा तास पाच मिनिटं."

काल मी तंबोऱ्याला हात लावला नव्हता. काल नसरीनभाभींच्या नातीचं बारसं होतं, सगळा दिवस मी त्यांच्याकडे होते, आणि घरी होते तेवढा वेळ येरझारा घालत होते. काल वाद्य नव्हतंच. काल सहा तास माझा गुडघा वाजत होता, आणि यंत्र त्याच्यापुढं 'वाद्य' लिहून कान झाकत होतं. भणभण ऐकली की ती जवारी समजायची, हे त्याला कुणी शिकवलं? मी शिकवलं. दहा तंबोरे वाजवून, मोठ्या कौतुकानं.

पुढचे दोन दिवस मी स्वतःशी भांडले. जोडी डाव्या मांडीवर पूर्ण करून बेळगावला पाठवली. मग म्हटलं, आणखी कामं आहेत, जानेवारी होऊ दे. जमिनीवर बसणं आजपासून बंद, पकड पुन्हा येईल आपोआप. दिवा तर हिरवा आहे, डॉक्टरही दिवाच बघणार, मी कशाला तोंड उघडू? वृषालीनं खोलीत टेबल लावलंय. मला एकटीला जमलं असं ती म्हणाली. चाळीस वर्षांत ती पहिल्यांदाच काही हरली आणि ते तिनं हसत सांगितलं. आता तिला काय तोंडानं सांगू की तू हरली नव्हतीस, मी फसवत होते?

मी फरश्या मोजायचे आणि प्रत्येक वळणावर पहिल्या पावलाला ती कळ यायची. उशीर झाला तर धरायला जागा उरत नाही, हे डॉक्टरांचं वाक्य प्रत्येक कळेबरोबर परत यायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरचा आप्पांचा तंबोरा काढला. मी बारा-तेरा वर्षांची असतानाची गोष्ट. सोलापूरच्या एका गवयानं आप्पांकडून जवारी काढून घेतली, वाजवून पाहिली, वाहवा केली, तंबोरा खांद्याला लावला आणि निघाला. जवारीत केसभर काहीतरी राहून गेलंय हे आप्पांच्या कानाला तेवढ्यात खटकलं, आणि ते कोपऱ्यापर्यंत त्याच्यामागे धावले. तंबोरा त्याच्या खांद्यावरून उतरवून परत आणला. गवई म्हणत होता, "अहो, मला चालतंय की!" आप्पा म्हणाले, "तुमास्नी चालंल. मला चालत न्हाई." त्या वेळी मला त्यांचा रागच आला होता. त्या माणसाची गाडी चुकली.

मी तंबोरा उजव्या मांडीवर घेतला आणि शेवटचं एकदा वाजवला. ते कोरडं होतंच, आधीपेक्षा थोडं जास्त. आता ऐकायचं काही राहिलं नव्हतं.

लांबच्या प्रवासाला न्यायच्या तंबोऱ्याच्या तारा उतरवून ठेवतात, नाहीतर गाडीच्या हिसक्यानं तबली खचते. मी खुंट्या एकेक करून उलट्या फिरवल्या. पंचम उतरला. जोडीच्या दोन तारा उतरल्या. खर्ज सगळ्यात शेवटी, तो बराच वेळ गुरगुरला आणि मग सैल पडला. तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला आणि मी खुर्चीत बसले. त्या खुर्चीचा मला या वेळी राग आला नाही.

बराच वेळ खोलीत काही हललं नाही. मग डबी बोलली. "कुंदाताई, आपण खूप वेळ एका जागी आहात. आपण ठीक आहात ना?"

पाच महिन्यांत शंभरदा तरी तिनं हे विचारलं असेल, आणि शंभरदा मी "बरी हाय" म्हणून तिला उडवून लावलं होतं. तोंडावर तेच आलं होतं. मी ते गिळलं.

"नाही," मी म्हटलं.

दिवा लाल झाला. फोन दोनदाच वाजला.

"आई?" वृषाली हसत होती. मागे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, ती नव्या टेबलाशी बसली असावी. "पुन्हा तंबोरा मांडीवर घेतलास ना? यंत्र परत विसरलं वाटतं. घाबरू नकोस, हा मी तीन धरत नाही."

"धर," मी म्हटलं. "आन् ऐनापुरे डॉक्टरांना फोन लाव. या वेळी तंबोरा न्हाई."